आमच्या धरणावरचा पिंपळ

आमच्याकडं धरण आहे म्हटलं की लोक आधी विचारतात, किती एकर भिजतं? एक गुंठाही भिजत नाही, असं मी सांगते. मग काहून बांधलं? पोहायला. इथवर आलं की समोरच्याचं तोंड बघण्यासारखं होतं. आम्ही ज्वारी नुसती बघायला पेरतो, असं काहीतरी मी सांगितलं की काय, असा चेहरा करतात.

हिंगोली जिल्ह्यात पाण्याला कामाला जुंपल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही. पाणी म्हणजे हळद, पाणी म्हणजे ऊस, पाणी म्हणजे जनावरं. कुठं मोकळं बसलेलं पाणी दिसलं की कुणाला तरी आपली मोटार आठवतेच. आमचं पाणी मोकळं बसतं. वस्तीतली लेकरं त्यात उड्या मारतात, दुपारी तांड्यावरच्या बाया येऊन मानेपर्यंत बुडून गप्पा मारतात, आणि मी या वयात पाठीवर पडून आभाळ बघते. ते पाणी दुसरं काही करत नाही आणि करणारही नाही. ज्याला पटत नसेल त्यानं तोंड फिरवून जावं, रस्ता सरकारी आहे.

धरण म्हणजे फार मोठं नव्हे. दोन माळांच्या मधून एक ओढा येतो, त्याला आडवा मातीचा बांध घातलाय. पाण्याच्या अंगाला दगड रचलेत, उतरायला पायऱ्या आहेत, आणि एका कडेला सांडवा आहे, म्हणजे धरण भरलं की जास्तीचं पाणी जायची वाट. सिद्धेश्वरचं मोठं धरण बघितलेला माणूस याला डबकं म्हणेल. म्हणेना का! सिद्धेश्वरच्या काठाला उभं राहून त्याला "माझं" म्हणता येत नाही. इथं येतं.

ते बांधलं अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी. अण्णा कालव्यावर चौकीदार होते. कुणी रात्रीतून दार उचलून चोरून पाणी घेतलं का, कुणाच्या शेताकडं कालवा फुटला का, हे बघत सायकलवर फिरायचं, ही त्यांची नोकरी. लहानपणी गावच्या विहिरीत उडी मारली म्हणून त्यांना बाहेर काढून झोडपलं होतं. आमच्या माणसानं विहीर बाटवली म्हणे. पुढं ते पोहायला शिकले ते कालव्यात, नोकरीला लागल्यावर, साहेब नसताना. रिटायर झाले तेव्हा सगळ्यांना वाटलं, म्हातारा आता घर बांधील. म्हाताऱ्यानं हा खडकाळ माळ घेतला, ओढ्यासकट. थोरला भाऊ चिडला. अण्णा त्याला म्हणाले, "जिंदगीभर दुसऱ्याच्या पाण्याची राखण केली. आता आपल्या पाण्यात पोहून राहिलो. तुला काय तकलीफ?"

शेजारचा शेतकरी तेव्हापासून मागं लागलेला. त्याची हळद आमच्या बांधाच्या खालच्या अंगाला. "अण्णा, एक मोटार टाकू द्या." अण्णा म्हणायचे, "हळदीला दुसरं पाणी बघ. हे पाणी सुट्टीवर हाय." लोक म्हणायचे, प्यायला पाणी नाही आणि हे पोहून राहिले. अरे, पण धरण झाल्यापासून खालच्या अंगाच्या विहिरी उन्हाळ्यातसुद्धा तळ दाखवत नाहीत, हे कुणी म्हणत नाही. जमिनीत पाणी मुरतं आणि तुमच्या विहिरीत येतं, ते कसं गोड लागतं? आमची पोरगी पोहली की तेवढं डोळ्यात खुपतं. मला याचा अजून राग येतो आणि तो जाऊ नये अशीच माझी इच्छा आहे.

मला अण्णांनीच पोहायला शिकवलं, पण ते पुढं, मी नर्स होऊन वसमतला नोकरी करत होते तेव्हा. दोन लेकरांची आई होते मी! पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून अण्णांनी मला पाण्यात ढकललं. मी किंचाळून सगळा माळ गोळा केला. आता मीच दुसऱ्यांना ढकलते.

फक्त माय कधी उतरली नाही. माझी आई. बांधाची माती तिनं डोक्यावरून टोपल्यानं वाहिलेली. बांधाच्या पोटात काळी चिकणमाती घालतात, ती ओली करून तुडवून बसवावी लागते, तर ती तिनं अण्णांच्या बराबरीनं पायांनी तुडवलेली. पण पाणी आल्यावर ती आपली पायरीवर. अण्णा दर उन्हाळ्यात पाण्यातून हाक मारायचे, "येतीस का?" ती म्हणायची, "कपडे कोण राखंल?" तिथं कोण कपडे चोरणार होतं, कपाळ! पण हे ठरलेलं होतं. तो विचारणार, ती हेच सांगणार, आणि दोघं हसणार.

धरण बांधलं म्हणजे झालं, असं ज्याला वाटतं त्यानं एकदा पावसाळा संपल्यावर माझ्यासोबत यावं. सांडव्यात अडकलेला कचरा काढायचा. बेशरमाची झाडं काठाला गच्च माजतात, ती मुळासकट ओढायची. खेकड्यांची आणि घुशींची बिळं शोधायची, त्यात ओली माती ठासायची. दगड निसटला असेल तर पुन्हा बसवायचा. आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे बांधावर उगवलेलं प्रत्येक रोपटं उपटायचं. गवत चालतं, झाड चालत नाही. अण्णा सकाळी दात घासत बांधावरून चालायचे आणि बाभळीचं, कडुलिंबाचं बोटभर रोप दिसलं की वाकून उपटायचे. झाडाची मुळं बांधात शिरतात आणि मुळाच्या कडेकडेनं पाण्याला वाट सापडते. हे त्यांनी आम्हाला इतक्यांदा ऐकवलं होतं की आम्ही त्यांची नक्कल करायचो.

आणि बघा काय केलं आम्ही. अण्णा गेले तेव्हा त्यांच्या नावानं झाड लावायचं ठरलं. आमच्यात अस्थी नदीत सोडत नाहीत. राख-अस्थी खड्ड्यात घालून माती करायची, वर बोधिवृक्षाचं रोप लावायचं, असं आमच्या वस्तीनं कधीचं धरलंय. बोधिवृक्ष म्हणजे पिंपळ. जागा कुठली, यावर चर्चा झाली. मी म्हटलं, बांधाच्या खाली मोकळं रान आहे, तिथं लावू. तर भाऊ उसळलाच. "खाली? सगळी उमर खालीच ऱ्हायलो न आपण? वस्ती खाली, पाणी खाली, पंगतीत खाली. अण्णांची माती आता खाली न्हाई जाणार. वर लागंल. गावातून दिसंल अशी लागंल."

सगळी वस्ती "बराबर हाय" म्हणाली. मायच्या डोळ्याला धार लागली होती, तीही मान हलवत होती. मी अजून काही बोलणार, तर एक चुलता म्हणाला, पोरी, बापाला खाली घालतीस का? मलाही अण्णा वरच हवे होते, खोटं कशाला बोलू. बांधाच्या डोक्यावर, बरोबर मध्यावर, जिथं अण्णा रोपं उपटत फिरायचे, तिथंच आम्ही अण्णांना घातलं आणि वर पिंपळ लावला. दुसऱ्या कुणी ही चूक केली नसती. त्यांना वरच्या जागेची एवढी भूक नसती ना.

पिंपळ फोफावला. फोफावणारच, खाली पाणी आणि मुळाशी आमचा बाप. वस्तीतली माणसं जाता-येता हात जोडत. माय रोज सकाळी त्याच्या बुंध्याशी बसून चहा प्यायची आणि घरातलं सगळं त्याला सांगायची. माझी नोकरी संपल्यावर मी इथंच राहायला आले. तोवर त्याचं खोड मांडीएवढं जाड झालं होतं. सावली छान पडायची. मला ते झाड आवडायचं आणि त्याच्याकडं बघितलं की अण्णांचं मुळांविषयीचं बोलणंही आठवायचं.

गेल्याच्या गेल्या वर्षी पोळ्यानंतर धरण काठोकाठ भरलं. बांधाच्या खालच्या अंगाला, पिंपळाच्या बरोबर सरळ रेषेत, मला ओल दिसली. गवत तेवढ्याच तुकड्यात हिरवंगार. हात लावला तर पाणी पाझरत होतं, पण निवळशंख होतं. निवळ पाणी पाझरलं तर भ्यायचं नाही, गढूळ आलं तर भ्यायचं, कारण गढूळ पाणी बांधाची माती सोबत घेऊन चाललेलं असतं. हेही अण्णांचंच. मी रोज जाऊन बघू लागले. दिवाळीच्या आसपास ते पाणी चहासारखं आलं.

भावाला नांदेडहून बोलावून घेतलं. तो मास्तर आहे, डोकं शांत आहे, असा त्याचा स्वतःबद्दल समज आहे. बांधावर उभा राहून म्हणाला, "पाणी कमी करून टाक. अर्ध्याच्या खाली ठेव कायम. झाडाला कशाला हात लावतीस?"

"अर्ध्याच्या खाली म्हंजे पायरीलाबी पाणी लागणार न्हाई. लेकरं पोहतील कशात, चिखलात?"

"पोहायचंच तर हाय न. कुणाचं पीक वाळणार हाय? इकडं बाप हाय, तिकडं पोहणं हाय. तूच सांग."

पोहायचंच तर आहे! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. गावानं जे बोल लावले तेच आता घरातून ऐकायचे? मी म्हटलं, "भाऊ, विहिरीतून काढून झोडपलं ते पोहण्यासाठीच झोडपलं होतं. त्या माणसानं हे धरण पोहण्यासाठीच बांधलं. तू त्यालाच त्याच्या पाण्यावर उभा करून पाणी काढून घेऊन राहिलास." त्याला पटलं असं नाही. जाताना मायला म्हणाला, हिला आवर.

दुरुस्तीसाठी तेवढ्यापुरतं पाणी कमी करणं भागच होतं. जाड पाइप पाण्यानं भरून बांधावरून पलीकडं सोडला की पाणी आपोआप ओढलं जातं, तसं मी ओढ्यात सोडायला लागले. तेवढ्यात शेजारचा शेतकरी हजर. चेहरा असा खुललेला की जणू मुलाचं लग्न ठरलंय. "बाई, ओढ्यात काहून वाया घालवता? मोटार लावतो ना मी. धरण असंच रिकामं ठेवा दरसाल, आमी नेतो पाणी. झाडाला मात्र हात लावू नका. पिंपळावर मुंजा ऱ्हातो, कुणाचं भलं होत नाही."

"बांध फुटला तर पहिल्यांदा तुमची हळद वाहून जाईल," मी म्हटलं. "मुंजा येईल का राखायला?" पाणी मी ओढ्यातच सोडलं. ओढ्यावर खाली पाच-पन्नास माणसं आहेत, जनावरं आहेत. त्याच्या एकट्याच्या हळदीला मी का देऊ?

मग झाड तोडायला माणूस शोधायला निघाले. जेसीबीवाला आला, पिंपळ बघितला आणि मशीन चालू ठेवूनच म्हणाला, "माफ करा ताई, दुसरं काहीबी सांगा." तांड्यावरचा एक लाकूडतोड्या मला वर्षानुवर्षं ओळखतो. त्याच्या बायकोचं बाळंतपण मीच केलेलं. त्यानं नुसती मान खाली घातली. आमच्या वस्तीतली माणसं तर बोलायचीच बंद झाली. बोधिवृक्षावर कुऱ्हाड घालायला निघालेली बाई, आणि तीही पोटची पोरगी. एक भिऊन नाही म्हणतो, दुसरा श्रद्धेनं नाही म्हणतो, आणि बांधातली माती रोज थोडी थोडी निघून चाललीय. मला दोघांचाही सारखाच संताप आला. झाडासमोर हात जोडायला सगळे आहेत, अण्णांसारखं वाकून रोप उपटायला कुणी नाही.

पण खरी गोष्ट वेगळीच होती. मी थांबले होते ती मायसाठी. ती काहीच बोलत नव्हती. रोज सकाळी आपला कप घेऊन बुंध्याशी जाऊन बसायची, आणि मी जवळ गेले की बोलणं थांबवायची. तिनं नको म्हटलं असतं तर मी कुऱ्हाड उचलली नसती. गावाशी भांडता येतं, वस्तीशी भांडता येतं. सकाळी चहा घेऊन नवऱ्याशी बोलत बसलेल्या बाईशी कसं भांडणार?

शेवटी एका दुपारी मी खालून पाझरणारं पाणी काचेच्या ग्लासात धरलं आणि तिच्यापुढं ओट्यावर ठेवलं. ती तांदूळ निवडत होती. निवडता निवडता तिनं ग्लासाकडं बघितलं. माती हळूहळू तळाला बसत होती. काळी, चिकट, मऊ. बराच वेळ ती बघत राहिली. मग तिनं वरचं पाणी अंगणात ओतलं, तळाचा गाळ दोन बोटांवर घेतला आणि चोळून बघितला.

"ही वरली माती न्हाई," ती म्हणाली. "ही पोटातली हाय. ही मी तुडवलेली हाय."

"व्हय, माय."

"कोस-दीड कोसावरून आणली होती ही. एक खडा ठेवला न्हाई म्या तिच्यात. पायाला भेगा पडल्या तरी तुडवत व्हते." मग एकदम चिडून म्हणाली, "आन् ही अशी चाललीय? माझी माती? मला कुणी सांगितलं का न्हाई आजवर?"

मला हसू यावं की रडू, कळेना. तीन महिने सगळे जण अण्णांच्या झाडाविषयी बोलत होतो. बांध मायचा होता, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्यासुद्धा.

"काढ," ती म्हणाली. "तुझा बाप असता तर त्यानं कवाच उपटलं असतं. आन् आपल्यालाच शिव्या घातल्या असत्या, बांधावर झाड काहून लावलं म्हणून."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं बुंध्याशी बसून शेवटचा चहा घेतला. उठून पदर खोचला आणि म्हणाली, "चल." वस्तीतली माणसं लांब उभी होती. शेजारचा शेतकरी आपल्या शेताच्या धुऱ्यावर उभा होता. मी कुऱ्हाड घातली. खोडातून पांढरा चीक आला. मी रडत होते आणि घाव घालत होते, आणि रडताना कुणी बघतंय याचीही मला पर्वा नव्हती. दमले की माय माझ्या हातातून कुऱ्हाड काढून घ्यायची. तिच्या घावानं काही व्हायचं नाही, पण घालायची. संध्याकाळ व्हायच्या आत झाड आडवं झालं.

झाड पडल्यावर मात्र माणसं मिळाली. तोडायला कुणी नव्हतं, खणायला सगळे आले. तो लाकूडतोड्यासुद्धा आला, माझ्या नजरेला नजर न देता कामाला लागला. नुसतं झाड तोडून भागत नाही, मुळं आत कुजली की पोकळी होते, म्हणून एकेक मूळ हुडकत बांध फोडत गेलो. एक मूळ तर थेट पाण्याकडच्या दगडांपर्यंत गेलेलं, हाताच्या मनगटाएवढं. खड्ड्याच्या तळाशी, जिथं अण्णांना ठेवलं होतं, तिथली माती मायनं कुणाला उकरू दिली नाही. स्वतः खाली उतरली, ओंजळीनं काढली आणि आपल्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधून घेतली.

मग कोस-दीड कोसावरच्या त्याच रानातून काळी माती आणली. थर घालायचा, पाणी मारायचं, तुडवायचं, पुन्हा थर. मजूर धुम्मस घेऊन ठोकायला लागले तर माय ओरडली, "आधी पायानं! मंग ठोका." आणि स्वतः चिखलात उभी राहून दाखवायला लागली. वस्तीतल्या बाया, आधी बोलायच्या बंद झालेल्या, एकेक करून खाली उतरल्या. कुणी माफी मागितली नाही, मला नकोही होती. तुडवत होत्या, तेवढं पुरे होतं.

तो उन्हाळा बिनपोहण्याचा गेला. लेकरं येऊन रिकाम्या धरणात क्रिकेट खेळली. पुढच्या पावसाळ्यात पाणी पायरी-पायरीनं चढलं, आणि मी रोज खालच्या अंगाला जाऊन गवतावर हात ठेवून बघत होते. कोरडं. सांडव्यावरून पाणी पडायला लागलं तरी कोरडं. मायला हाताला धरून नेलं, तिनंही हात ठेवला. नाकानं नुसतं "हं" केलं.

पाऊस उघडल्यावर भाऊ आला. फडक्यातली माती आता कुठं लावायची, हे ठरवायला. त्यानं जागाही बघून ठेवली होती, माळावर, उंच. माय फडकं काखेत धरून पायऱ्यांकडं चालायला लागली. आम्ही दोघं मागं.

"माय, पाण्यात?" भाऊ म्हणाला. "आपल्यात पाण्यात सोडत न्हाईत. तुला म्हाईत हाय."

"नदीत कुठं सोडून राहिले?" ती म्हणाली. "त्याच्या घरी सोडून राहिले."

तिनं गाठ सोडली, माती ओंजळीत घेतली आणि पाण्यावर धरली. पाणी थोडं गढूळ झालं आणि परत निवळलं. भाऊ तोंड फिरवून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. मी त्याला हात लावला नाही, रडू दिलं.

मला वाटलं आता ती परत फिरेल. तिनं चपला काढल्या, चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि पायरीवरून पाण्यात पाय घातला. घोटा, गुडघा, कंबर. लुगडं फुगून वर आलं ते तिनं दोन्ही हातांनी खाली दाबलं. "अगं माय, किती गार हाय!" असं ती मोठ्यानं म्हणाली, आणि हसली.

बांधावरून शेजारचा शेतकरी चालला होता. तो थांबला. "मावशी, काहून या वयात पाण्यात उतरल्या?"

"आमचं हाय म्हणून," माय म्हणाली. त्याच्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. आणखी एक पायरी खाली गेली, छातीएवढ्या पाण्यात, आणि मग मान वळवून मला म्हणाली, "तू कपडे राख."

मी पायरीवर बसले आणि चष्मा, चपला, ते रिकामं फडकं मांडीवर घेऊन राखत राहिले.